प्लग २५, पॉइंट १५

आमच्या वाशिम जिल्ह्यात दोन फटी नावाजलेल्या आहेत. पहिली मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीखाली. पूर्वी म्हणे त्या मूर्तीखालून स्वार घोड्यासकट निघून जाई. कलियुग चढत गेलं तशी मूर्ती खाली येत गेली आणि आता खालून पातळ फडकं तेवढं सरकतं, असं भाविक सांगतात. दुसरी फट आमच्या गाडीत आहे. तिची कीर्ती आमच्या गल्लीपुरतीच, आणि तिचा प्रवास नेमका उलटा झाला. आधी तिच्यातून धड कागद जात नव्हता. मग एका सुट्टीत ती अशी रुंदावली की घोडा नाही, पण एखादी लाल मुंगी मान न वाकवता पलीकडे गेली असती.

गाडी म्हणजे ॲम्बॅसेडर, मार्क थ्री, १९७७ सालची. मूळची सासऱ्यांची. सासरे कारंज्याला कापसाचे अडते होते. कारंज्याचा बाजार म्हणजे ऐरागैरा नव्हे. वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अमलाखाली होतं, तेव्हा १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार इथे कापसासाठी उभा राहिला. म्हणजे मापात पाप होऊ नये म्हणून सरकारला देशात सगळ्यात आधी जिथे लक्ष घालावंसं वाटलं, ते हे गाव. याचा अभिमान बाळगायचा की लाज, हे सासऱ्यांनी शेवटपर्यंत स्पष्ट केलं नाही.

त्यांना मुलगा नव्हता, म्हणून गाडी आमच्याकडे वाशिमला आली. आमच्याकडे म्हणजे बायकोकडे. मी तिचा चालक, क्लीनर आणि बिघाड झाल्यास आरोपी. गाडीबरोबर सासऱ्यांची एक लाल कापडी बांधणीची वहीही आली. तिच्यात कापसाचे भाव, सोयरिकी, कुणाकडून येणं आणि गाडीची दुरुस्ती हे सगळं एकाच ओघात लिहिलेलं. त्यात एका पानावर कोपऱ्यात, चौकट काढून: 'प्लग २५, पॉइंट १५'. बस्. पंचवीस काय, पंधरा काय, ते नाही. अडत्याची वही तशीच असते. भाव लिहिला की भाव; तो क्विंटलचा की खंडीचा, हे ज्याला कळत नाही त्याने बाजारात येऊ नये.

मी बाजारात गेलो नाही, हीच अडचण झाली. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं.

निवृत्तीनंतर लोक देवाधर्माला लागतात, काही सोसायटीच्या राजकारणात शिरतात. मी बॉनेट उघडलं. त्याआधी गल्लीतल्या प्रत्येकाने एक सल्ला दिला होता: "सर, डिझेलचं इंजिन टाकून घ्या. प्लगची कटकटच नाही." विदर्भातल्या निम्म्या ॲम्बॅसेडर अशाच बाटल्या. पण बायको म्हणाली, "बाबांनी पेट्रोलवर चालवली, पेट्रोलवरच चालेल." हा मुद्दा यांत्रिक नव्हता, त्यामुळे त्यावर वाद घालायला जागा नव्हती. शिवाय गाडीचं घराणंही काही साधं नाही. विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड १९५७ च्या सुमारास कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला ॲम्बॅसेडर म्हणून जन्माला आली आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखाना थांबेपर्यंत तिने कपाळ फारसं बदललं नाही. आमच्या गाडीत १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, चार प्लग.

प्लग म्हणजे काय ते साठीपर्यंत मी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. अंगठ्यापेक्षा जरा लांब पांढरं चिनीमातीचं धड, खाली आट्यांचं लोखंड, त्यातून मधोमध डोकं काढणारा एक खिळा, आणि त्या खिळ्यावर बाजूने वाकलेली एक बारकी पट्टी. विहिरीत घागर पडल्यावर बाई काठावरून वाकून पाहते ना, तशी. खिळा आणि पट्टी यांच्यामध्ये काही नाही. आणि गाडी चालते ती या 'काही नाही'वर. बॅटरीतले बारा व्होल्ट कॉइलमध्ये जातात, तिथून हजारो व्होल्ट होऊन निघतात आणि त्या मोकळ्या जागेवरून उडी मारतात. ती ठिणगी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर एकेका प्लगात सेकंदाला पंचवीस उड्या. आम्ही लहानपणी नाल्यावरून उड्या मारायचो त्यातलाच प्रकार. नाला फार अरुंद असला तर त्या उडीला कुणी उडी म्हणत नाही, आणि फार रुंद असला तर पोरगं मध्ये पडतं. पेट्रोलच्या वाफेलाही तसंच आहे. फट बारीक असली तर ठिणगी इवलीशी, वाफ तिला जुमानत नाही. फट मोठी झाली तर ठिणगी काठावरूनच परत फिरते.

ही फट मोजायची असते, आणि त्यासाठी फिलर गेज नावाचं एक यंत्र मिळतं. यंत्र कसलं, पोलादी पात्यांची चवड, पत्त्यांसारखी उघडते. प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. आता, गेज हा शब्द वाशिम जिल्ह्याला परका नाही. कारंज्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला जायची ती ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. वाशिम स्टेशनातली पूर्णा-अकोला गाडी १००० मिलिमीटरवर, आणि ती मोठी झाली तेव्हा १६७६ वर. एकाच जिल्ह्याने तीन-तीन गेज पाहिले, एकाची गाडी दुसऱ्यावर चालत नाही हे तीन पिढ्या सोसलं. अशा जिल्ह्यातल्या माणसाने गेजमध्ये चूक करावी, हे शोभत नाही. मी केली.

फिलर अकोल्याहून आणला होता. त्यावर सगळे आकडे मिलिमीटरचे. मी वही उघडली: प्लग २५. फिलर उघडला: एका पात्यावर ०.२५. देवाने जोडी जमवून ठेवावी तसं वाटलं. शेजारीच ०.१५ पण होतं, म्हणजे पॉइंटचंही जमलं! सासऱ्यांबद्दल पहिल्यांदाच आदर दाटून आला.

मग मी चारही प्लगांच्या वायरी एकदम ओढून काढल्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या पोटात इथेच गोळा आला असेल. बायको चहा घेऊन आली, चार लोंबत्या वायरींकडे पाहून म्हणाली, "अहो, यातली कोणती कुठली?"

"चारही सारख्याच आहेत," मी म्हणालो.

सारख्या नसतात. प्लग एकामागून एक पेटत नाहीत. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा, अशी चाल असते. लेझीम खेळणाऱ्यांसारखी. हे पुस्तकात होतं, पण मी पुस्तक नंतर वाचलं. दरम्यान आमचे शेजारी मदतीला आले. ते एस.टी.त बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यामुळे मी निर्धास्त. चार वायरी चार ठिकाणी चोवीस प्रकारे लावता येतात. आम्ही दोघांनी मिळून सतरा प्रकार करून पाहिले. अकराव्या प्रकाराला सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या घरातून लग्नाची वरात पाहायला बाया बाहेर आल्या. सतराव्यानंतर शेजाऱ्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "तुमाले खरं सांगू काय सर? एस.टी.ले प्लगच नसते. डिझेल ना."

शेवटी पुस्तक, आणि बायकोच्या टिकल्यांचं पाकीट. पहिल्या सिलिंडरच्या वायरीला एक टिकली, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. चौथ्याला चार लावताना पाकीट संपलं म्हणून तिने चंद्रकोर लावली. त्या वायरी आजही तशाच आहेत.

गॅप मात्र मी मन लावून केला. पट्टी पकडीने हळूच वाकवायची, पातं घालून पाहायचं, पुन्हा वाकवायचं. पातं अडकायला नको आणि खुळखुळायलाही नको. बायकोला म्हटलं, पाहा तरी कसं अचूक जातंय. तिने पातं दोनदा सरकवलं आणि म्हणाली, "कासार बांगडी भरतो ना, तसं. पण ही बांगडी लहान वाटते हो."

अनुभवी बाईचं मत मी ऐकायला हवं होतं.

गाडी चालू झाली. झाली म्हणजे हँडल मारल्यावर झाली. ॲम्बॅसेडरला बंपरमधून हँडल घालून फिरवता येतं, ही सोय किती मोलाची हे त्या दिवशी कळलं. चालू झाल्यावर ती हलायला लागली. पुढे नव्हे, जागच्या जागीच. घराच्या ओट्यावर बसून जेवण जास्त झालेला म्हातारा जशी उचकी देतो तशी, मध्ये जरा थांबून, पुन्हा. ढुक. ढुक ढुक. ढुक. डॅशबोर्डवरचा बालाजी मान डोलवू लागला. ॲक्सिलेटर दाबला की सुधारायची, सोडला की बंद. वाशिमच्या पाटणी चौकात सिग्नल नसला तरी गर्दी असते; दर पन्नास पावलांवर गाडी बंद पडे आणि मी उतरून हँडल मारी. आठवड्याभरात दंड इतके भरले की शेजाऱ्यांनी विचारलं, "सर, व्यायाम सुरू केला काय?"

मग दिवाळीत भाचा आला. पुण्याला हिंजवडीत असतो, गाड्यांचं त्याला वेड. त्याने एक प्लग काढला, माझं ०.२५चं पातं पाहिलं आणि हसला. त्याचं हसणं मला झोंबलं, कारण ते बरोबर होतं.

"मामा, एवढी कमी? माझ्या गाडीला एक पूर्णांक एक लागतो."

त्याची गाडी नवी. तिच्यात प्रत्येक प्लगाला स्वतंत्र कॉइल, डोक्यात संगणक. तिचा करंट लांब उडी मारू शकतो. आमच्या गाडीत एकच कॉइल, तीही सासऱ्यांच्या वयाची, आणि तिचा करंट चार जणांना वाटून द्यायचा. पण हे तेव्हा कुणाला सुचलं? भाच्याने ०.६० आणि ०.५० अशी दोन पाती एकत्र धरून चारही प्लगांना १.१ चा गॅप दिला. गाडी चालू केली आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. आवाज मांजरीसारखा. ओट्यावर चहाचा कप ठेवला तर साय हलत नव्हती. बायकोने भाच्याला शंकरपाळ्यांचा वेगळा डबा बांधून दिला.

पुढच्या आठवड्यात अकोल्याला लग्न होतं. वाशिमहून मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला. जाताना पातूरचा घाट उतरणीचा, त्यामुळे जाताना गाडी राणीसारखी गेली. मी वाटेत दोनदा भाच्याला फोन करून शाबासकी दिली. लग्नात पंगतीला चार लोकांना सांगितलं की गॅप हीच खरी गोष्ट आहे, बाकी सगळं वरवरचं.

येताना पातूर सोडलं आणि चढ लागला. मी ॲक्सिलेटर दाबला. गाडीने एक धक्का खाल्ला. पुन्हा दाबला, पुन्हा धक्का. जितका दाबावा तितकी ती मागे ओढायची. सपाटीवर कमी पेट्रोल लागतं, सिलिंडरमधला दाब कमी, तेव्हा लांब उडीही जमते. चढावर वाफ गच्च भरली जाते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या वाफेतून उडी मारायला करंटला दुप्पट दम लागतो. आमच्या कॉइलला दम कुठला? पोरगं नाल्याच्या मधोमध पडू लागलं. मागून सोयाबीनची पोती भरलेला ट्रक, त्यामागे ट्रॅव्हल्स, त्यामागे मोटरसायकलींची रांग. ट्रॅव्हल्सवाल्याने हॉर्नने जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. मराठीचा मास्तर असून मला त्यातले दोन शब्द नवे होते.

बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. वऱ्हाडात रस्त्याकडेला बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत सात माणसं जमतात, आणि ती कुठून येतात हे कळत नाही. शेतं रिकामी असतात.

"काय झालं जी?"

"चढावर मिसिंग मारते."

"पेट्रोलमधी पाणी असन."

"कारबोरेटर खोला."

"नजर लागली असन. लिंबू हाय काय गाडीत?"

लिंबू होतं, दोन होते, मिरच्यांसकट बंपरला. ते पाहून तो गृहस्थ विचारात पडला.

एक म्हातारा शांतपणे टिकल्यांच्या वायरींकडे पाहत होता. म्हणाला, "गॅप पाह्यला काय?" मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, इकडून तर मॅपवर रस्ता पूर्ण हिरवा दिसतोय."

पहिल्या गिअरमध्ये, पायाचं नख लावावं तितकाच ॲक्सिलेटर देत, कधी बायको उतरून चालत, असे आम्ही घाट चढलो. ती चालत होती आणि मी गाडीत होतो, आणि ती पुढे होती. मेडशी गेलं. मालेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून एक टपरीवजा गॅरेज दिसलं. टायरच्या माळा, एक हाडकुळं कुत्रं, आणि तेलाने काळं झालेलं बाकडं. मिस्त्री बाकड्यावर बसून सायलेन्सरचा नट हेक्सा ब्लेडने कापत होते. त्यांनी मान वर न करता आवाज ऐकला.

"मिसिंग," ते म्हणाले. "गॅप मोठा केला कोनीतरी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चालू हाय तं गोड हाय, चढाले मरते. गॅपच असते ना मंग."

मी सविस्तर सांगायला लागलो. ०.२५, मग १.१, भाचा, हिंजवडी. मिस्त्रींनी ऐकलं नाही. त्यांनी टिकल्यांकडे पाहिलं, एक, दोन, तीन, चंद्रकोर, आणि माझ्या बायकोकडे पाहून आदराने म्हणाले, "हे काम बराबर केलं ताईनं." मग प्लगपाना घालून पहिला प्लग काढला, पँटला पुसला आणि उजेडात धरला. डॉक्टर जीभ पाहतात तसा.

"पाहा सर. हा रंग. रोडग्यावानी पाह्यजे."

रोडगे म्हणजे आमच्याकडचं गोवऱ्यांवर भाजलेलं सुख. त्याचा भाजका, खरपूस, तांबूस-तपकिरी रंग प्लगाच्या टोकाला दिसला की इंजिनाचं पोट चांगलं. काळा काजळीचा असला तर पेट्रोल जास्त झालं किंवा ठिणगी कमी पडली, पांढराफटक असला तर इंजिन तापलं, तेलकट असला तर खर्च मोठा. आमचे तीन रोडगे निघाले. चौथ्या प्लगाची चिनीमाती मुळाशी केसभर तडकली होती.

"मधल्या खिळ्यावर जोर देल्ला काय तुमी?"

दिला होता. पहिल्या दिवशी, पकडीने. तेव्हा पट्टी वाकवताना खिळ्यावर जोर द्यायचा नसतो हे मला माहीत नव्हतं.

"खिळ्याले कधी हात लावायचा नाही. वरची पट्टी वाकते. खिळा तडकते. मानसासारखंच हाय सर, डोक्शावर टपली मारा, काही होत नाही. छातीवर मारू नका." असं म्हणून त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून एक जुना पण धडका प्लग काढला.

आणि मग त्यांनी ते केलं, जे पाहायला मी खाली उकिडवा बसलो. प्लग उलटा धरून पट्टी जॅकच्या लोखंडावर अलगद ठोकली. ठक. पाहिलं. ठक. पुन्हा पाहिलं. मग ज्या हेक्सा ब्लेडने ते नट कापत होते ती फ्रेममधून काढली आणि तिचं पाठीकडचं टोक फटीत घातलं.

"मिस्त्री, थांबा. माझ्याकडे फिलर आहे."

"ठेवा तुमच्यापाशीच. त्याच्यावर लय आकडे असतात. मानूस गोंधळते." ब्लेड सरकली, थोडी ओढ देत. "दात्याकडून नाही घालायची. दाते दोन्हीकडं वाकडे असतात, जाडी जास्त भरते. पाठीकडून. ह्ये पाहा."

त्यांनी तिसरा प्लग माझ्या हातात दिला. मी ठोकलं, घातलं, अडकलं. पकडीने जरा उचललं, घातलं, खुळखुळलं. मिस्त्री काही बोलले नाहीत; त्यांनी विडी पेटवली. पाचव्या-सहाव्या वेळेला ब्लेड गेली, आणि जाताना बोटाला एक बारीकशी कुरकुर लागली. नव्या चपलेत पाऊल जातं तशी. मिस्त्री म्हणाले, "हां." चौतीस वर्षांच्या नोकरीत विस्तार अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन दिलेले शेरे मला आठवत नाहीत; हा 'हां' आठवतो.

पॉइंटचंही त्यांनी पाहिलं. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं. आत दोन बारीक ठोकळे उघडझाप करतात, त्यांच्यामधली फट प्लगापेक्षा कमी असते. माझ्या ०.१५ने ती जेमतेम श्वास घेत होती. मिस्त्रींनी खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून एक लग्नपत्रिका काढली. घड्या नव्हत्या, कडा गुळगुळीत झालेल्या.

"ही पॉइंटची," ते म्हणाले. "पत्रिका पाहूनच घ्यावी लागते सर. पुढाऱ्यायच्या पत्रिका आता फार जाड येतात, मखमल काय लावतात, डबी काय करतात. पॉइंटले नाही चालत. गरिबाची पातळ होते. ही मध्यमवर्गातली हाय."

पत्रिकेवरची तारीख बरीच जुनी होती. मी म्हटलं, जपून ठेवलीत.

"त्याहिची फारकत झाली," मिस्त्री म्हणाले. "पत्रिका आजून बराबर हाय."

बायकोला हसू आलं आणि तिने तोंडाला पदर लावला.

गाडी चालू केली. आवाज भाच्याच्या वेळी होता त्याहून वेगळा; तितका गोड नव्हता, पण भरीव. मिस्त्रींनी मला चढाकडे पाठवलं. "पाच किलोमीटर परत जा, चढ लागला की दाबा. मंग पैसे द्या." मी गेलो. दाबला. गाडीने मागे न ओढता चढ असा घेतला की मागचा ट्रॅव्हल्सवाला मला ओलांडू शकला नाही, आणि मी त्याला हॉर्न देऊन जे सांगायचं ते सांगितलं. नवे शब्द वापरले.

परत येऊन पैसे दिले. मिस्त्रींनी ब्लेड मधोमध मोडली आणि अर्धी मला दिली. "डिक्कीत ठेवा. तुमचा फिलर भाच्याले देऊन टाका."

घरी आल्यावर झोप लागेना. मी सासऱ्यांची वही काढली. प्लग २५. मग गाडीचं जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, जे मी तोवर फक्त वायरींच्या चालीसाठी उघडलं होतं. प्लगाचा गॅप तिथे इंचांत दिला होता: ०.०२५. इंचाचे पंचवीस हजारांश, ज्याला मेकॅनिक पंचवीस थाऊ म्हणतात. पॉइंट १५ म्हणजे पंधरा थाऊ. सासऱ्यांनी इंच लिहिला नव्हता, कारण त्यांच्या काळात इंचाशिवाय दुसरं माप गाडीला असू शकतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मी मिलिमीटर धरला, कारण मी दशमान मापं आल्यावर शाळेत गेलो. पंचवीस थाऊ म्हणजे ०.६३५ मिलिमीटर. मी त्याच्या निम्म्यावरही पोचलो नव्हतो, भाचा पाऊणपट पुढे गेला होता.

आणि मिस्त्रींची ब्लेड?

आमचा एक मित्र इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याच्या ओळखीने प्रयोगशाळेत गेलो. स्क्रू गेज आठवत असेल: लीस्ट काउंट एक शतांश मिलिमीटर, आधी झिरो एरर पाहायची, आणि ती विसरली की सर मार्क कापायचे. मित्राने ब्लेडचा निळा रंग खरवडला, पाठीकडून पकडली, चक्री टिक टिक वाजेपर्यंत फिरवली. ०.६३. तीन ठिकाणी मोजलं, तिन्ही ठिकाणी ०.६३. पुस्तकातल्या मापाशी फरक पाच हजारांश मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. मित्र म्हणाला, हाताच्या हेक्सा ब्लेडची जाडी ठरलेलीच असते, ०.६३. मूळची इंचातलीच, पंचवीस थाऊ. म्हणजे जगभरातल्या कारखान्यांनी हे माप पोलादात आधीच पाडून ठेवलंय आणि दुकानात चहाच्या किमतीत मिळतंय. प्लगासाठी नाही, पण प्लगाला काय त्याचं.

मला हे मिस्त्रींना कधी सांगेन असं झालं. पुढच्या रविवारी खास मालेगाव गाठलं. ते बाकड्यावरच होते, दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा पाइप कापत. मी सगळं सांगितलं. कॉलेज, स्क्रू गेज, झिरो एरर, तिन्ही ठिकाणी मोजलं, पाच हजारांशाचा फरक, इंच, सासऱ्यांची वही.

मिस्त्रींनी कापणं थांबवून पूर्ण ऐकलं. पहिल्यांदाच.

"म्हंजे ब्लेड बराबर निघाली म्हना."

"अगदी बरोबर."

"बरं झालं पाह्यलं ते," मिस्त्री म्हणाले. "आताच्या मालाचा काही भरोसा नसते." आणि ते पुन्हा पाइप कापू लागले.